धुण्याआधी

शरीरातून काढलेले कृत्रिम खुबे कंपनीत परत यायचे ते तिच्या टेबलावर. डबा उघडायचा, खुबा जंतुनाशकात भिजवायचा, ब्रशनं घासायचा, वाळवून भिंगाखाली धरायचा आणि नोंदवहीत लिहायचं: दोष दिसत नाही. सात वर्षं तिचं हेच काम. खुब्याच्या वाटीत कधी कधी काजळासारखा काळा थर असायचा. रक्ताचं काही असेल म्हणून तिथं ती जरा जास्तच जोर लावायची.

सासूबाईंना खुबा बसवला तो तिच्याच शब्दावर. आमच्याच कंपनीचा बसवा, असं तिनं सर्जनना सांगितलं होतं. तीन वर्षांत बाई काठीवर आल्या आणि गेल्या आठवड्यात खुबा काढावा लागला. धातूवर धातू घासून भुकटी उतरलीय, आतलं मांस काळं पडलंय, असं सर्जन म्हणाले. सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या कमरेत काजळाचा कारखाना काढला होतात की काय गं?"

सगळे हसले. तिला हसू आलं नाही. तो काळा थर तिच्या हातांच्या ओळखीचा होता.

गुरुवारी तोच खुबा तिच्या टेबलावर आला. न धुता तिनं तो विभागप्रमुखांकडे नेला. दोष आपण आधी धुऊन टाकतो आणि मग शोधतो, हे तिनं सांगितलं. वहीत संशय लिहिला की चाचणी होईपर्यंत त्या साच्याचा माल गोदामाबाहेर जात नसे, आणि सोमवारी त्याच साच्याचे साठ खुबे जायचे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी सासूबाईंची चौकशी केली. मग म्हणाले, घरच्या प्रकरणात तपासणाऱ्यानं हात घालायचा नसतो, तसा नियमच आहे. डबा दुसऱ्या टेबलावर गेला. तासाभरात खुबा लख्ख होऊन कपाटात बंद झाला. दोष दिसत नाही.

ती जागेवर आली. दोन डबे वाट पाहत होते. पहिल्यावरच्या कार्डावर लिहिलं होतं: शिक्षक, वय अठ्ठावन्न. साचा तोच, वाटीत थरही तोच. तिनं तो पांढऱ्या कापसावर टिपला आणि वहीत लिहिलं: धुतलेला नाही. काळी भुकटी आहे. संशय. खाली सही केली. मग बराच वेळ पेन हातात धरून बसली, आणि एक ओळ सोडून लिहिलं: याआधीच्या अनेक खुब्यांत हा थर होता. तो मी धुतला. पुन्हा सही केली.

प्रमुख वही घेऊन आले. "धुतल्याशिवाय नोंद होत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मीच तर धुवायचे."

"मग?"

"हे मास्तर माझे कुणी लागत नाहीत, साहेब."

ते पान पुन्हा वाचत उभे राहिले. खालची ओळ दोनदा वाचली असावी. मग तिच्याच टेबलावरून त्यांनी गोदामाला फोन लावला आणि सोमवारची गाडी थांबवायला सांगितली. पलीकडून किती दिवस असं विचारलं असणार.

"ते आत्ता सांगता येणार नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि तिच्याकडे हातमोजे मागितले. तिनं जोडी पुढे केली आणि दुसरा डबा उघडायला घेतला.