आठ तासांतले पंप

साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला तेव्हा लाईनवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचे दोन कारखाने, दोन देशांत. दोन्हीकडे वॉशिंग मशिनचे तेच पंप. आता एकच ठेवायचा होता. मजुरी इकडे कमी होतीच, पण माणशी ताशी पंपही इकडेच जास्त निघत होते.

धाकटीचे हात मांडीवरच राहिले. ती या लाईनची सुपरवायझर, आणि तिचा दादा तिकडच्या कारखान्यात याच पंपांना मोटर बसवत होता. वहिनी आणि मुलगा पुढच्या महिन्यात त्याच्याकडे राहायला जाणार होते. मुलगा बापाला फोनवरच ओळखत होता.

आलेखात खोट होती आणि धाकटीला ती माहीत होती. भागाकारातला वरचा आकडा, पंपांचा, खरा होता. खालचा, तासांचा, नव्हता. संध्याकाळची घंटा झाली की बायका दारापाशी जाऊन सुट्टीची नोंद करायला हजेरीचं कार्ड यंत्राला टेकवायच्या आणि तशाच वळून पुन्हा बाकावर येऊन बसायच्या. उरलेल्या कामाला त्या शेपूट म्हणत. "आज सशाचं का माकडाचं गं?" ही रोजची थट्टा. शेपटातले पंप मोजले जात, वेळ मोजला जात नसे. हे कुणी ठरवलं नव्हतं. टार्गेट वाढत गेलं तसं शेपूट फुटलं. साहेब त्या वेळी कधीच लाईनवर फिरकत नसत.

रविवारी दुपारी दादाचा फोन आला. आत वहिनी मुलाला नवा जाड कोट घालून बघत होती, आणि तो "घाम येतो" म्हणून ओरडत होता.

"काय खाता काय गं तुम्ही?" दादा हसत म्हणाला. "दीडपट पंप! आमचा फोरमन म्हणतो, तुझ्या बहिणीला चार हात आहेत का विचार."

"विचारलंस, झालं. बाकी बोल."

दादाने आवाज खाली आणला. "इथे पाचला दिवे बंद होतात. थांबतो म्हटलं तर युनियनवाले हाताला धरून बाहेर काढतात. आमच्यातले काही म्हणतात, तिकडचे तास खोटे आहेत. चौकशी मागायची म्हणतात. मी म्हटलं, थांबा, घरचंच माणूस आहे, विचारतो. खरंच होतं का आठ तासांत?"

धाकटी खिडकीपाशी गेली. चौकशी आली की शेपूट दिसणार. शेपूट दिसलं की इकडचा आकडा पडणार, नुसत्या कमी मजुरीवर निभावणार नाही, आणि मग हाच कारखाना बंद. सोल्डरिंगवरच्या आक्काचा चष्मा आता बाटलीच्या बुडासारखा झाला होता. तिला या वयात कोण कामावर घेणार? तिच्या शेजारचीला नवरा नव्हता. पलीकडची पोटुशी होती.

"होतं, दादा," ती म्हणाली. "हात बसलाय आमचा."



"मग काय," तो म्हणाला. "आम्हीच मंदावलो म्हणायचं. मला वाटायचंच, बोटं पहिल्यासारखी चालत नाहीत."

"तसं नाही रे…"

"अगं, वाईट कशाला वाटून घेतेस? कौतुकच आहे. उद्या मीच सांगतो सगळ्यांना, चौकशी नको. माझी बहीण खोटं बोलणार नाही, एवढं तर मला माहीत आहे."

धाकटीने तोंड उघडलं. खरं सांगायला अजून वेळ होता. तो फोनवरच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने तोंड मिटलं.

"एक कर," दादा म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "आता त्यांचं इकडे येणं होणार नाही, हे वहिनीला तू सांग. माझ्याने नाही व्हायचं."

आतून वहिनीची हाक आली, "वन्सं, सगळं तुम्हीच बोलणार का? जरा आम्हालाही द्या की फोन!"

फोन बंद झाला होता. धाकटी आत गेली. मुलाला कोट गुडघ्यापर्यंत येत होता.

"पुढच्या वर्षीही चालेल असा घेतलाय मोठा," वहिनी म्हणाली. "तिकडची थंडी काय एका वर्षाची आहे?"

"वहिनी," धाकटी म्हणाली, "त्याला बाहेर खेळायला पाठव आधी."