बांबूचं विमान

सिताराम खिल्लारेचा एक गुण त्याच्या ऑफिसात कोणालाच फारसा आवडत नसे. तो मोजून सांगायचा. परभणीच्या बोअर ऑफिसात तो ट्रेसर होता. पिंगळीहून सकाळच्या गाडीनं यायचा, नकाशे उतरवायचा, आणि साहेबांनी ‘अंदाजे वीस फूट’ म्हटलं की ‘एकोणीस फूट चार इंच, साहेब’ असं सांगून मोकळा व्हायचा. कार्यकारी अभियंता माधवराव टाकळकर अशा वेळी चष्मा काढून पुसत बसत. त्यांच्या रिटायर होण्याला चौदा महिने उरले होते, आणि ते त्यांना अंदाजानंच काढायचे होते.

सन त्र्याहत्तरचा मार्च होता. पाऊस नसल्याचं दुसरं वर्ष सरत होतं. साऱ्या जिल्ह्यात बोअरची नवी गाडी एकच. पिवळाधमक रंग, दहा चाकं, पाठीवर आडवी टाकलेली लोखंडी शिडी. शिडी उभी केली की शेजारच्या गावातून दिसायची. त्या दिवसांत ही गाडी बोरीला होती. खडक फोडत एकशे दहा फुटांवर पोचली होती आणि भोकातून उडणारी भुकटी कालपासून ओलसर येऊ लागली होती.

नेमकं तेव्हा मुंबईहून पत्र आलं.

झालं होतं असं, की सोलापूरच्या पल्याड एका मंत्रीसाहेबांचा मतदारसंघ होता. तिथल्या सभेत एक म्हातारा उठला आणि म्हणाला, भाषण राहू द्या, पाणी द्या. साहेब ऐन भरात होते. ‘बोअरची गाडी आणीन! विमानानं आणीन!’ म्हणाले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून आलं, आणि छापून आलं म्हणून खात्यानं त्याला आदेश मानलं. गाड्या सोलापूरच्या आसपासही होत्या, पण गंजलेल्या. फोटोत शोभेल अशी गाडी परभणीचीच.

सितारामनं पत्र दोनदा वाचलं. ‘साहेब, इथून सोलापूर दीड दिवसाचा रस्ता आहे. विमान तर औरंगाबादला उतरणार. म्हणजे गाडी आधी उलट्या दिशेनं औरंगाबादला न्यायची?’

‘सिताराम,’ माधवराव शांतपणे म्हणाले, ‘रस्त्यानं जायचं असतं तर पत्र कशाला आलं असतं?’

सिताराम पत्र पालटून खालचा मजकूर वाचायला लागला.

पत्रात विमानाच्या पोटाची मापं दिली होती. दाराची उंची आठ फूट तीन इंच. ‘सदर वाहन विमानात मावते किंवा कसे याची प्रत्यक्ष खात्री करून प्रमाणपत्र पाठवावे, तोवर वाहन मुख्यालयी हजर ठेवावे,’ असं खाली लिहिलं होतं. त्याच दिवशी बोरीला निरोप गेला. भुजंग ड्रायव्हरनं भोकावर पोतं बांधलं, त्यावर दगड ठेवला, आणि गावाकडं न बघता गाडी परभणीला आणून उभी केली.

सितारामनं टेप घेतला आणि अर्ध्या तासात हिशेब पुढं ठेवला. शिडीसकट उंची दहा फूट अकरा इंच. शिडी उतरवली तर आठ फूट सात. दार आठ तीन. ‘मावत नाही, साहेब.’

‘प्रत्यक्ष खात्री असं लिहिलंय,’ माधवराव म्हणाले. ‘कागदावर वजाबाकी करणं म्हणजे प्रत्यक्ष नव्हे.’

‘पण विमान कुठाय आपल्याकडं?’

‘तेच तर करायचं आहे.’

आणि ऑफिसमागच्या मैदानात विमान करायला घेतलं. मानवतहून बुरूड बोलावले. लांब बांबूंच्या कमानी रोवल्या, त्यांवर तट्टे बांधले, मागं गाडी शिरेल असं दार ठेवलं. आतली मापं पत्राबरहुकूम होती, कारण प्रत्येक बांबू सितारामनं स्वतः मोजून कापून घेतला होता. बारा दिवस काम चाललं. बघायला गर्दी व्हायला लागली. बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून यायची. एकानं विचारलं, ‘इमान हाय म्हंता, मंग पंख कुठं हायत?’ बुरडालाही ते लागलं. उरलेल्या तट्ट्यांचे दोन पंख आणि एक शेपटी त्यानं आपल्या मनानं जोडून दिली. माधवरावांनी ती काढायला लावली नाही. उलट मुंबईला पाठवायच्या फोटोत पंख नीट दिसतील अशा बेतानं ते स्वतः उभे राहिले.

नवव्या दिवशी बोरीहून चांगुणाबाई आली. वय पन्नाशीचं, आवाज पाटबंधाऱ्याच्या कामावर मुकादमाला गप्प करणारा. बरोबर तिघी बायका. गाडीच्या सावलीत त्या टेकल्या. सिताराम टेप गुंडाळत चालला होता, त्याला तिनं हाक मारली.

‘ओ दादा, आमची गाडी इथं काय करायलीय?’

‘मावशी, ती विमानात बसते का ते बघायलोत.’

चांगुणाबाईनं बांबूच्या विमानाकडं बघितलं. मग पंखांकडं. ‘ह्या इमानात?’

‘न्हाई, खऱ्या विमानात. हे मापासाठी केलंय.’

‘आन् बसली तर?’

‘तर सोलापूरकडं जाईल.’

‘आन् न्हाई बसली तर?’

सितारामनं याचा विचारच केला नव्हता. पत्रात तसं काही लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, ‘आमच्या भोकातून ओली माती येत व्हती. आमी हातात घेऊन बघितलीय. लेकरायनं ती कपाळाला लावली. आन् तुमी वर दगड ठिवून आलात. त्यायलाबी पाणी पाहिजेच की, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर आमचं अर्धं भोक तसंच ठिवून?’

‘मी फक्त मोजतो, मावशी.’

‘मंग नीट मोज, बाबा,’ ती म्हणाली आणि पदर झटकून उठली.

परीक्षेच्या दिवशी मैदानात खुर्च्या मांडल्या. तीन अधिकाऱ्यांची समिती बसली. शिडी आधीच साखळ्या लावून उतरवली होती. ती विमानात कशीही मावणार नव्हती, म्हणून ती दुसऱ्या ट्रकवर घालून थेट रस्त्यानं सोलापूरला पाठवायचं ठरलं होतं. हिशेबाप्रमाणं शिडी गाडीच्या दोन दिवस आधी पोचणार होती. समितीतल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

भुजंगनं गाडी मागं मागं घेत केबिनपर्यंत आत घातली. केबिनचा माथा वरच्या बांबूला टेकला आणि सगळं विमान करकरलं. छतावरचा भोंगा काढला. तरी टेकलाच. मग दहाही चाकांतली हवा सोडली. गाडी म्हातारीसारखी बसकण मारून खाली आली. सिताराम फळीवर चढला, टेप लावला.

‘आठ फूट चार. अजून एक इंच जास्त आहे.’

चहा आला. चहा पिता पिता माधवराव उठले, दाराचा बांबू बोटांनी चाचपला आणि म्हणाले, ‘हा बांबू कापला तेव्हा ओला होता?’

‘होय साहेब,’ बुरूड म्हणाला.

‘आणि आता वाळलाय. वाळलेला बांबू आकसतो. म्हणजे विमान मुळात याहून मोठं असणार.’

समितीतल्या दोघांनी मान डोलावली. सितारामला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. ‘साहेब, बांबू आकसला तर इथला आकसला. औरंगाबादचं विमान लोखंडाचं आहे.’

‘ॲल्युमिनियमचं,’ माधवरावांनी दुरुस्ती केली. ‘दार दोन इंच वर घ्या.’

बुरडानं दोन दोऱ्या सोडल्या, बांबू वर सरकवला, पुन्हा बांधला. भुजंगनं गाडी आत घातली. ती छान मावली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग प्रमाणपत्राचा कागद सितारामपुढं आला. ‘मोजमाप करणाऱ्याची सही’ अशी जागा होती. त्यानं पेन हातात धरलं. घरी म्हातारी आई, दोन भावंडांची शाळा. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. माधवराव वाईट माणूस नव्हते, त्याच्या बढतीसाठी दोनदा लिहिलंही होतं त्यांनी. त्यानं सही केली. पण त्या दिवशी पिंगळीला उतरल्यावर तो घरी गेला नाही, स्टेशनच्या बाकावर पुढची मालगाडी निघून जाईपर्यंत बसून राहिला.

औरंगाबादच्या धावपट्टीवर विमान उभं होतं, खरोखरचं, राखाडी, पोट जमिनीला लागेल इतकं खाली. मंडप घातला होता. मंत्रीसाहेबांच्या गळ्यात हार होता आणि गाडीच्याही. भुजंगनं चाकांतली हवा सोडली. विमानाचा कप्तान उंच, शिडशिडीत माणूस. तो हारतुऱ्यांकडं न बघता स्वतःचा टेप घेऊन आला, केबिनला लावला, दाराला लावला. मग पुन्हा केबिनला.

‘ये किसने नापा?’

माधवरावांनी चष्मा काढला. समितीतले दोघे मंडपाकडं बघायला लागले. सिताराम पुढं झाला. आपले पाय पुढं पडताहेत हे त्याला नंतर कळलं.

‘मैंने नापा साब. गाडी आठ फूट चार है. दरवाजा आठ तीन.’

‘तुमको मालूम था?’

‘मालूम था.’

‘फिर सर्टिफिकेट में लिखा है, बैठती है?’

‘सही मेरीच है साब. गलत दी.’

कप्तानानं त्याच्याकडं क्षणभर बघितलं. रागावला नाही. एक इंच कमी पडतो हे तर सोडाच, उडताना सामान हलतं म्हणून वर चार बोटं मोकळी लागतात, एवढं समजावलं आणि विमानाच्या दाराची उतरती फळी मिटायला सांगितली.

मंत्रीसाहेबांचे स्वीय सहायक धावत आले. फळी मिटण्याआधी फोटो उरकला. गाडीचं मागचं टोक फळीवर चढवून, साहेबांचा हात बॉनेटवर ठेवून. तो पेपरात छापूनही आला, खाली लिहिलं होतं, ‘बोअरची गाडी विमानमार्गे रवाना’. फोटो झाल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, ‘मग आता?’

‘रस्त्यानं पाठवली तर उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल,’ भुजंग म्हणाला. तेवढंच तो दिवसभरात बोलला.

‘रस्त्यानं?’ सहायक दचकले. ‘साहेबांनी विमानानं म्हटलंय. गाडी रस्त्यानं दिसली तर विरोधक काय म्हणतील? नाही नाही. मोठं विमान मिळेपर्यंत गाडी जिथून आणली तिथं ठेवा.’

‘जिथून आणली तिथं,’ सिताराम म्हणाला, ‘म्हणजे बोरीला. गाडी बोरीहून आणली होती, साहेब.’

सहायकांना बोरी ठाऊक नव्हतं. त्यांनी हात हलवला. मुंबईला निघायची वेळ होत होती. तेव्हा माधवराव दिवसभरात पहिल्यांदा सरळ उभे राहिले. ‘लिहून घे, सिताराम. मोठे विमान उपलब्ध होईपर्यंत वाहन बोरी येथे. सहायकसाहेबांची सही घे.’ सही झाली. परत येताना गंगाखेड रोडच्या नाक्यावर माधवरावांनी जीप थांबवून त्याला पिंगळीकडं सोडायला लावलं, हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

शिडी सोलापूरला जाऊन परत यायला आठवडा लागला. नंतर कळलं, तिकडच्या माणसांनी वाट बघून बघून शेजारच्या तालुक्यातली एक जुनी गंजकी गाडी आणवली होती, रस्त्यानं, गाजावाजा न करता. पाणीही लागलं होतं.

बोरीत एकशे अडुसष्ट फुटांवर लागलं. निरोप आला तसा सिताराम एसटीनं गेला. आधी राखेच्या रंगाचा चिखल उडत होता, मग गढूळ पाणी, आणि दुपार कलता कलता नितळ धार. सगळं गाव भिजलं होतं. चांगुणाबाईनं तांब्या भरून सितारामपुढं धरला. शेजारी उभ्या दत्तराव पाटलानं घसा खाकरला. ‘साहेब कोणत्या गावचे म्हणालात? आडनाव काय आपलं?’

सिताराम काही बोलायच्या आत चांगुणाबाई म्हणाली, ‘पाणी आडनाव इचारून वर आलंय का? पी बाबा तू.’

पाण्याला थोडी लोखंडाची चव होती. सितारामनं तांब्या रिकामा केला, मग चूळ भरून तोंड धुतलं.

परत येताना तो भुजंगजवळ केबिनमध्ये बसला. खिशात ऑफिसचा मेमो होता. वरिष्ठांची परवानगी न घेता विमानाच्या कप्तानाशी परस्पर बोलल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. भुजंगनं वाचून दाखवायला सांगितलं, मग विचारलं, ‘काय लिव्हणार?’

सितारामनं मेमो गुडघ्यावर पसरला. रस्ता खड्ड्यांचा होता, अक्षर नीट येत नव्हतं. तरी त्यानं पेन काढलं.

‘कप्तानानं विचारलं,’ तो लिहीत लिहीत म्हणाला, ‘म्हणून सांगितलं.’