कच्चा चीक

माझं तोंड गप्प बसत न्हाय, हे सगळ्या कळंब्याला ठाव हाय. म्हशीनं लाथ मारली तर तिलाबी मी दोन शिव्या घालतो आणि मगच धारेला बसतो. पण तीच मी, शालूबाई, दोन महिने एका गोष्टीवर तोंड शिवून बसलो. आज पोरगी दवाखान्यात हाय, आणि डॉक्टर म्हणतात, एवढ्यात काय सांगता येत न्हाय.

पोरगी म्हणजे आमची वर्षाराणी. सत्तावीस वर्षांची, हायस्कुलात गणित शिकवती. मालक वारल्याला नऊ वर्षं झाली, तवापासनं घरात आम्ही दोघीच. लहानपणापासनं हिचा कान फुटायचा, नाक वाहायचं, थंडी आली की छाती भरायची. लोक म्हणायचे, शालूबाईच्या गोठ्यात बारा म्हशी आणि पोरगी बघा, नुसती काटकी. लई झोंबायचं मला. आमच्या म्हशी संध्याकाळी गावात कट्ट्यावर उभ्या राहतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाचा पेला हातात देतो. त्या निरशा दुधावर तालमीतली पोरं रेड्यासारखी झाली. आणि माझ्याच लेकीच्या अंगाला काय लागंना.

गेल्या वर्षी तिसऱ्यांदा न्युमोनिया झाला, तवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टर कालिंदी मॅडमनी रक्त तपासलं आणि आम्हाला समोर बसवलं.

"आई, आपल्या रक्तात अँटीबॉडी असतात. जंतू आत आला की त्या त्याला धरतात. वर्षाच्या शरीरात त्या बनतच नाहीत म्हटलं तरी चालेल."

माझ्या टाळक्यात काय शिरंना. ते मॅडमच्या ध्यानात आलं असावं.

"तुमच्या रेडकाला चीक मिळाला नाही तर काय होतं?"

"मरतंय. हगवण लागती आणि आठ दिवसांत मरतंय."

"का मरतं? चिकात म्हशीच्या अँटीबॉडी असतात, त्या रेडकाला मिळत नाहीत म्हणून. वर्षालासुद्धा त्या आपण बाहेरून देणार."

बाहेरून म्हणजे हजारो माणसांच्या रक्तातनं काढल्याल्या, बाटलीत भरल्याल्या. दर चार आठवड्यांनी सलाईन, जन्मभर. पाणी उकळून, दूध उकळून, गोठ्यात जायचं न्हाय. वर्षानं सगळं वहीत लिहून घेतलं.

सलाईननं फरक पडला, खोटं का बोलू. दहा महिने छाती भरली न्हाय. पण चौथा आठवडा आला की पोरगी गळून जायची. शाळेतनं आली की चप्पल न काढता आडवी व्हायची. आणि मला राग यायचा. मॅडमचा न्हाय, कुणाचाच न्हाय, माझाच. परक्या माणसांनी रक्त द्यायचं आणि आईनं नुसतं बघत बसायचं. मी जल्म दिला तिला, मला देता येऊ ने? मॅडमच म्हणाल्या होत्या की, चिकात तेच असतंय.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगीच न्हाय.

श्रावणात आमची मोरी म्हस व्याली. दुसऱ्या दिवशीचा पिवळाधमक चीक मी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला. खरवस करायचा तर तो वाफवावा लागतो, आणि वाफवला की त्यातला जीव गेला, असा माझा हिशोब. म्हणून कच्चाच. रोज सकाळी कोमट दुधात चार चमचे चीक, वर हळद आणि गूळ. हळदीनं रंग लपतोय आणि गुळानं वास.

"आई, उकळलंस न्हवं?" ती रोज इचारायची.

"व्हय गं बाई, चार उकळ्या दिल्यात."

ती पेला तोंडाला लावायची आणि मी तिच्या गळ्याकडं बघत बसायचो. घोट खाली उतरला की माझ्या पोटात गार वाटायचं.

चीक काय रोज मिळत न्हाय, व्यालेल्या म्हशीला चार दिवसच असतोय. मग कुणाची म्हस कधी व्यायची हाय, हे मी कळंब्यात इचारत हिंडायला लागलो. बाया म्हणायच्या, शालूबाईला खरवसाचे डोहाळे लागलेत. मी हसून घालवायचो. एकदा कुठंच मिळंना. नेमका तवाच वर्षाचा चौथा आठवडा चालू झालता. तशात कळलं, गावातल्याच म्हाताऱ्या हंबीररावांच्या म्हशीनं आठव्या महिन्यात गाब टाकला. रेडकू मेल्यालंच पडलं, पण कासंला चीक उतरलाय. मी चरवी घेऊनच गेलो.

हंबीरराव गोठ्यात चुना मारत होते. "शालूबाई, हा नगं," म्हणाले. "असल्या म्हशीचा चीक आम्ही कुत्र्याच्या तोंडाला लावत न्हाय. मागल्या महिन्यात दुसरीनंबी टाकलाय. डॉक्टर म्हणतोय, हात न धुता जेवू नका."

"मला झाडाला घालायचाय," मी म्हटलं. म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला, पण चरवी भरून दिली.

तो चीक पाच दिवस पुरला. रंगानं जरा गढूळ होता. तेवढी हळद मी जास्त घातली.

तीन आठवड्यांनी तिला ताप चढला. दिवसा उतरायचा, दिवेलागणीला पुन्हा यायचा. अंगातनं घाम असा गळायचा की चादर पिळून निघावी. कंबर धरली, सांधे धरले, जेवण सुटलं. मी चीक त्याच दिवशी बंद केला आणि फ्रीजमधली बाटली उकिरड्यात ओतली. सांगून टाकावं असं मनात आलं होतं, पण मनाला म्हटलं, गप बस. चीक बंद केलाय, आता उतरंल ताप. ताप काय उतरला न्हाय. सहा किलो वजन उतरलं.

गेल्या सोमवारी मॅडमकडं गेलो. त्यांनी तपासण्यांचे सगळे कागद टेबलावर पसरले.

"सगळं नीट आलंय की," वर्षा म्हणाली.

"तीच अडचण आहे. यातल्या बऱ्याच तपासण्या अँटीबॉडी शोधतात. तुझ्या शरीरात त्या बनत नाहीत, म्हणजे जंतू असला तरी कागद कोराच येणार. म्हणून तुम्ही तोंडानं जे सांगाल त्यावर मला चालावं लागतंय." मॅडमनी चष्मा काढला. "कच्चं दूध, कच्च्या दुधाचं काही पोटात गेलंय?"

मी पदर नीट करायला लागलो.

"छ्या," वर्षा म्हणाली. "गोठ्यात मी पाय ठेवत न्हाय. दूध आई उकळूनच देती. त्या बाबतीत आई लई कडक हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. देवा, ती मान का मोडली न्हाय माझी.

मग मॅडमनी पुढचं सांगितलं. एक तर सलाईनचा डोस वाढवायचा. न्हायतर सलाईन सोडून घरीच दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली बारीक सुईनं औषध सोडायचं. त्यानं रक्तातली पातळी सारखी राहती, चौथ्या आठवड्याचं गळून जाणं थांबतंय. पण त्याला घरात एक भरवशाचं माणूस पाहिजे, शिकून घेणारं, स्वच्छता पाळणारं, सांगितलं तेवढंच करणारं.

"आई हाय की," वर्षानं लगेच सांगितलं. तापानं डोळे खोल गेलते, तरी हसली. "घरीच करू मॅडम. आईच्या हातात मला कसली भीती न्हाय."

मॅडमनी एक कागद माझ्यापुढं सरकवला आणि पेन दिलं. जबाबदार व्यक्तीची सही, असं त्यावर लिहिलं होतं. मी पेन हातात धरून बसलो. मॅडम तवर दुसऱ्या कागदावर औषध लिहायला लागल्या.

"आता तापाचं. प्लीहा सुजली आहे. या आजारात कधी कधी शरीर स्वतःवरच उलटतं. तसंच असेल असं धरून उद्यापासून स्टेरॉइड सुरू करते. कच्च्या दुधाचं मुद्दाम विचारलं, कारण जंतू असेल तर या गोळ्यांनी त्याला रान मोकळं होईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

पेन कागदावर चाललं होतं. गोळीचं नाव लिहून झालं. खाली आकडा लिहिला.

"मॅडम, लिहू नका," मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं बघून सगळं सांगितलं. मोरीचा चीक, गावभरचा चीक, हळद, गूळ, हंबीररावांची म्हस.

"त्या म्हशीनं गाब टाकला होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

मॅडमनी लिहिलेला कागद फाडला आणि लॅबला फोन लावला. रक्तात ब्रुसेलाचा, म्हणजे गाब टाकणाऱ्या जनावरातल्या जंतूचा, संशय आहे, नमुना जास्त दिवस ठेवा, हाताळताना जपून, असं काय काय सांगितलं. मग माझ्याकडं वळल्या. त्यांचा आवाज चढला न्हाय, चढला असता तर बरं झालं असतं.

"आई, चीक लागू पडतो तो रेडकाला, तोही पहिल्या एक-दोन दिवसांत. माणसाच्या पोटातून तो रक्तात उतरत नाही. मी उदाहरण दिलं होतं. औषध सांगितलं नव्हतं."

"पण आता बरी हुईल न्हवं?"

"जंतू मणक्यात किंवा हृदयात गेलाय का ते बघावं लागेल. औषधं दीड-दोन महिने तरी चालतील. आजच ॲडमिट करते. जास्त आज बोलू शकत नाही."

वर्षा रडली न्हाय, ओरडलीबी न्हाय. ओरडणं आमच्या घरात माझ्याकडंच हाय. ती पदराशी खेळावं तशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं आपला हात काढून मांडीवर घेतला, सावकाश, मला लागू ने असा.

"आणि घरच्या सुईचं?" मॅडमनी तिला इचारलं. "बरी झाल्यावर तरी विचार करशील?"

माझ्यापुढचा कागद वर्षानं उचलला. त्यावर सही नव्हती. तिनं तो मॅडमच्या हातात परत दिला.

"नको. सलाईन दवाखान्यातच लावा," ती म्हणाली. "घरी माझं बघायला कोण न्हाय."

मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसलोतो.