खुर्चीचा उजवा हात

आमच्या धंद्यात एक गोष्ट आधी शिकतात: जाड कापडाला पातळ कापड जोडू नये. ओढ बसली की जाडाला काही होत नाही, पातळ फाटतं. मी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून सोफ्यांच्या आणि खुर्च्यांच्या खोळी शिवते. लोकांनी टाकून दिलेले पडदे, गुडघ्यात फाटलेल्या जीन्स, विटक्या चादरी, सगळं माझ्याकडे पोत्यांतून येतं. धुवायचं, उसवायचं, इस्त्री करायची, जाडीप्रमाणे ढीग लावायचे आणि मग जुळवायला बसायचं. लहानपणापासून मला तुकडे गोळा करायची हौस, म्हणून बाबा मला चिंधी म्हणायचे. खरं नाव शाळेपुरतं होतं.

आई गेल्यावर बाबांचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. आधी चष्मा कुठे ठेवला ते गेलं, मग माणसं, मग घर. राहत्या घरात बसून ते म्हणायचे, "चला, उशीर झाला, घरी जायला हवं," आणि चपला घालून निघायचे. शेजाऱ्यांनी एकदोनदा परत आणलं. शेवटी एकदा ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले. दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि हे उजवा हात पुढे करून कुणाची तरी वाट बघत उभे.

त्याच संध्याकाळी दादा आला. माझा थोरला भाऊ बोलतो कमी आणि येतो ते ठरवूनच.

"एक संस्था बघून ठेवलीय," तो म्हणाला. "दारं बंद असतात तिथे. महिनाअखेर एक जागा रिकामी होतेय."

"रिकामी कशी होतेय?"

तो म्हणाला, "तू मशीनवर असतेस आणि ते रस्त्यावर. आभाळ फाटलंय, चिंधे. ठिगळ कुठे कुठे लावशील?"

"धंदाच तो आहे माझा. महिनाअखेरपर्यंत थांब."

मला राग आला तो दादा बरोबर बोलत होता याचा.

बाबांचं डोकं विसरत होतं, पण हात विसरत नव्हते. शर्टाची बटणं ते न बघता लावायचे. म्हटलं, मग हातांनाच घर सांगू. मी त्यांच्या खुर्चीची खोळ शिवायला घेतली. बैठकीला त्यांची वर्कशॉपमधली जाड निळी पँट, पाठीला दादाचं शाळेचं कॅनव्हासचं दप्तर, डाव्या हाताला आमच्या पुढच्या खोलीचा जुना पडदा, खाली पक्कं अस्तर देऊन. आणि उजव्या हाताला आईच्या तपकिरी कोटाची डावी बाही.

तो कॉर्ड्रॉयचा कोट होता, उभ्या रेघांचा. डाव्या कोपरावर मात्र रेघा झिजून कापड तुळतुळीत झालं होतं, कारण रस्ता ओलांडताना बाबा जन्मभर तिथेच धरायचे. आई त्यांच्या उजवीकडे चालायची. लोकांना वाटायचं, काय जपून नेतो हा बायकोला. खरं म्हणजे उलटं होतं. बाबांना गाड्यांची भीती वाटायची आणि आई त्यांना नेत असायची. तो कोपर मी कापला नाही, अख्खा वर घेतला.

खोळ चढवली, बाबांना बसवलं. त्यांचे तळवे निळ्या कापडावरून फिरले, मग खुर्चीच्या हातांवर आले. उजवा हात कोपराच्या जागी थांबला. "आलो बाई एकदाचे घरी," ते म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस चपला जागच्या हलल्या नाहीत. मी इतकी फुगले होते की मुद्दाम फोन करून दादाला ऐकवलं.

मग एका दुपारी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "गेली गाडी. चल आता." आणि उजवीकडे बघितलं. उजवीकडे भिंत होती.

"चिंधे, तुझी आई कुठे गेली?"

मी खरं सांगितलं. "आई गेली, बाबा. बरेच दिवस झाले."

त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच ऐकणं होतं. ते जसे रडले तसे आई गेली त्या दिवशीही रडले नव्हते. "मला कुणी सांगितलं कसं नाही?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. रडून दमले, झोपले. उठले आणि हात पुन्हा त्याच जागी गेला. "तुझी आई कुठे गेली?"

असं सुरू झालं. चहाच्या वेळी, जेवताना, दिवे लावताना. आई एकदाच मेली होती. बाबांसाठी मी तिला रोज मारत होते, आणि तेही माझ्याच हातच्या शिवणीने.

"खोटं सांग," दादा फोनवर म्हणाला. "बाजारात गेलीय म्हण."

तसं सांगितलं. "एकटी?" बाबा म्हणाले आणि चपला घालून तिला शोधायला निघाले. मी त्यांना फाटकापाशी गाठलं. माझा हात झिडकारून ते दोन्ही बाजूंना बघत होते. चेहरा पोर हरवलेल्या माणसाचा होता.

मी पातं घेऊन आईची बाही उसवली. इतकी उसवणी केलीय आयुष्यात, पण प्रत्येक टाका तुटताना मला तो ऐकू आला. तिथे पडद्याचाच तुकडा बसवला. बाबा बसले, उजवा हात चाचपत राहिला. नंतर ते उठले आणि म्हणाले, "हे आपलं नाही. घरी जायला हवं."

मी दाराला आतून कुलूप लावलं. बाबा दार ठोठावत होते, आतून. संस्थेत याहून वेगळं काय होतं? महिनाअखेर आली होती, दुसऱ्या दिवशी दादा त्यांना न्यायला येणार होता.

मग मी माझा स्वेटर काढला आणि त्याच्या डाव्या कोपरावर आईचं कापड शिवलं. स्वेटर पातळ होता. आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट मला ठाऊक होती. तरीही शिवलं.

सकाळी स्टूल ओढून बाबांच्या उजव्या हाताला बसले. त्यांचा हात खुर्चीवरून भटकत भटकत माझ्या कोपरावर आला आणि घट्ट बसला.

"आलीस?"

"आले." पुढे 'बाबा' येणार होतं, ते मी गिळलं. "अहो, बसा आता निवांत."

जन्मात मी त्यांना अहो म्हटलं नव्हतं. तो शब्द आईचा होता. बाबांचे खांदे खाली आले. मशीनवर मोठी ऑर्डर पडली होती, पण उठायची सोय नव्हती.

दादा आला तेव्हा त्याच्या हातात बाबांच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग होती. तो दारातच थांबला. माझ्याकडे, स्वेटरकडे, बाबांच्या हाताकडे बघितलं. बॅग त्याने हळूच खाली ठेवली.

"मी चाललो मग," तो मला म्हणाला. "तुझं काय पण?"

तेवढ्यात बाबांना काहीतरी आठवलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मशीनपाशी रिकामी खुर्ची होती तिथे ती जरा थांबली.

"अगं, चिंधी दिसत नाही कुठे?"

दादाने मान फिरवली.

"बाजारात गेलीय," मी म्हणाले.

मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. आईसाठी ते फाटकापर्यंत गेले होते.

"हं," बाबा म्हणाले. "येईल मग." आणि माझा कोपर धरून त्यांनी डोळे मिटले.