रुग्णाची इच्छा नाही

मंगळवारी सकाळी काकू माळ्यावरच्या गाद्या काढायला स्टुलावर चढल्या. घरात त्या वेळी तीन माणसे होती. पुतण्या दाढी करत होता, त्याची बायको फोनवर बोलत होती आणि त्याचे वडील, म्हणजे काकूंचे दीर, वर्तमानपत्र वाचत होते. अडुसष्ट वर्षांच्या विधवेने स्टुलावर चढावे, यात कोणाला काही खटकले नाही. चाळीस वर्षे ती चढतच होती.

स्टूल कलंडले. जमिनीवर पडल्या पडल्या काकू म्हणाल्या, “दूध उतू जाईल, गॅस बंद करा.”

मुका मार आहे, असे निदान पुतण्याने केले. वैद्यकाशी त्याचा संबंध दर महिन्याला वजन करण्यापुरता. चार दिवस तेल चोळून झाले. डावा पाय आखूड होऊन बाहेर वळला होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही असे लिहायला हात धजत नाही. लक्षात आले होते. पण शनिवारपर्यंत कोणाला सवड नव्हती.

रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. खुब्यात हाड मोडले होते. लगेच शस्त्रक्रिया केली तर काकू दोन-तीन दिवसांत वॉकर धरून चालतील. नाही केली तर अंथरुणाला खिळतील, पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल आणि मग फार दिवस काढणार नाहीत, असे त्यांनी स्वच्छ सांगितले.

“तिची इच्छा नाही हो, डॉक्टर,” पुतण्या म्हणाला. “या वयात कशाला चिरफाड? घरी सगळं बसल्या जागी मिळतंय तिला.”

गेल्या वर्षी ह्याच पुतण्याच्या वडिलांचा खुबा मोडला होता. ते काकूंहून सहा वर्षांनी मोठे. शस्त्रक्रियेला दोन तास उशीर झाला म्हणून तेव्हा त्याने सगळे रुग्णालय डोक्यावर घेतले होते. डॉक्टरांनी त्याची आठवण दिली, तर तो हसला. बाबांचे वेगळे, त्यांना चारचौघांत जावे लागते, म्हणाला.

डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. शहाणी माणसे वाद घालत नाहीत, रकाना भरतात. खुबा आणि गुडघा मोडलेल्यांवर सहा वर्षे त्यांचे संशोधन चालले होते. शंभरातले चौऱ्याण्णव रुग्ण वर्षभराने चालत होते, आणि हा आकडा पुढच्या महिन्यात परिषदेत वाचायचा होता. शस्त्रक्रिया न झालेले लोक त्यात धरलेले नव्हते. त्यांच्या कागदावर ‘रुग्णाची इच्छा नाही’ एवढे लिहिले की फाइल खालच्या खणात जाई. नियमाला धरूनच होते ते. नियमाला धरून माणसे पुष्कळ काही करतात.

आताही त्यांनी तेच लिहिले. पुतण्याने काकूंचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवायला धरला. काकूंनी हात मागे घेतला.

“मला सही येते,” त्या म्हणाल्या.

त्यांचा चष्मा घरी राहिला होता. आणायचे कोणाला सुचले नव्हते. डॉक्टरांनी आपला दिला. काकूंनी कागद सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला.

“माझी इच्छा नाही, हे कोण म्हणालं?”

“काकू, तुला त्रास नको म्हणून...” पुतण्या पुटपुटला.

“पण तुमचं करणार कोण?” सोबत आलेली त्याची बायको म्हणाली. “मी एकटीने कुठे कुठे बघू?”

“म्हणून तर म्हणते, मला पायांवर उभी राहू दे. पडून राहिले तर तुलाच करावं लागेल, बाई.” मग काकू डॉक्टरांकडे वळल्या. “तुम्ही विचारा ना मला.”

डॉक्टरांनी विचारले. अशा रुग्णाला त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारले. काकू ‘हो’ म्हणाल्या. आम्ही घरचे आहोत, आमची सही लागेल, असे पुतण्याने बजावून पाहिले. त्या शुद्धीवर आहेत, त्यांची सही पुरते, असे डॉक्टर म्हणाले. हा नियम त्यांना त्या दिवशी नव्याने कळला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी काकू वॉकर धरून खिडकीपर्यंत गेल्या. म्हातारीला शिंगं फुटली, असे पुतण्या नातेवाइकांना सांगत होता. त्या दुपारी डॉक्टरांनी खालचा खण उघडला. सदतीस फायली निघाल्या. चौतीस बायकांच्या, त्यांतल्या बहुतेक विधवा. प्रत्येकीवर तेच वाक्य, आणि अक्षर त्यांचे स्वतःचे. ही सगळी माणसे संशोधनात घ्यायची, मग चौऱ्याण्णवाचे काय व्हायचे ते होवो, असे ठरवून त्यांनी पहिल्या फाइलवरचा नंबर फिरवला.

मुलाने फोन घेतला. बोलायला अगदी सभ्य होता. “आई? ती दोन महिन्यांतच गेली. शेवटी फार हाल झाले हो. का डॉक्टर, काही नवीन उपचार निघालाय का?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “जुनाच आहे. मी त्यांना विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतं का?”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. डॉक्टर फोन कानाला धरून थांबून राहिले.