टाचणीवरची पहिली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक चिठ्ठी आहे. जुनी म्हणावी एवढे माझे वय नाही, पण कडा आत्ताच पिवळट पडू लागल्या आहेत. तुमच्या अंगठ्याच्या नखावर मी सहज मावेन. मंगरूळपीरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत, काचेचे झाकण असलेल्या पेटीत माझा मुक्काम असतो. माझ्या पोटातून एक टाचणी गेली आहे. त्याच टाचणीवर, माझ्या वरच्या मजल्यावर, जाड कागदाचा छोटा त्रिकोण आहे आणि त्याच्या टोकाला डिंकाने चिकटवलेली एक मेलेली मुंगी. लोक पेटीपाशी येतात ते तिला पाहायला. मला कोणी विचारत नाही. पण मी नसेन तर ती मुंगी कचऱ्यात जमा झाली समजा, कारण ती कुठे सापडली, कधी सापडली आणि कोणाला सापडली, हे माझ्यावर लिहिलेले असते. एवढा गर्व मला आहे, तेवढा चालवून घ्या.

मला कापले आणि लिहिले ते धम्मदीपा मॅडमनी. त्या या कॉलेजात अकरा वर्षे प्राणिशास्त्र शिकवत आहेत. आठवडाभर मंगरूळपीरला राहायचे आणि रविवारी शेलूबाजारला आईकडे जायचे, असा त्यांचा शिरस्ता. घराच्या पुढच्या खोलीत एक चौरंग आहे. त्यावर पांढरे कापड, कापडावर बुद्धमूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. ऑगस्टातल्या एका रविवारी त्यांच्या आईने, लिलाबाईंनी, दारातच तक्रार केली.

"अवं, पाह्य ना, चौरंगाखालून मोठाले मुंगळे निघून राह्यले. मी रोज सुपात भरतो अन् आंगनात नेऊन सोडतो."

"आई, मले दे त्यातले चार-पाच. कॉलेजात पाहीन."

"जिते नाही भेटनार. रोज पंचशील म्हनतो ना आपन? मेलेले पडले हायेत थे घेऊन जाय."

कापडाच्या झालरीजवळ पाच मुंगळे मरून पडले होते. मॅडमनी ते डबीत घेतले आणि सोमवारी माझ्यावर बारीक पेनाने लिहिले: 'शेलूबाजार, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम. घरात, चौरंगाखाली. १८ ऑगस्ट २०२४. धम्मदीपा.' मित्रांनो, यातले एकही अक्षर खोटे नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग ओळख पटवायचे काम सुरू झाले. हे काम उलटतपासणीसारखे चालते. कंबरेला गाठ एक की दोन? एक. नांगी आहे का? नाही, मागच्या टोकाला केसांची झालर असलेले गोल भोक आहे. पाठ बाजूने पाहिली तर मध्ये खोलगट आहे की सलग कमान? सलग कमान. एवढ्या उत्तरांवर घराणे कळले. ही सुतारमुंगी. ती लाकूड खात नाही, नुसते कोरते आणि आत संसार थाटते. पण घराणे कळले म्हणजे जात कळली असे होत नाही. सुतारमुंग्यांच्या जाती शेकड्यांनी मोजाव्या लागतात. मॅडमनी डोक्याची रुंदी मोजली, गालावरचे केस मोजले, मिशीच्या पहिल्या दांडीवर ताठ केस आहेत का ते पाहिले. तीन आठवडे त्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या असत, आणि दर वेळी तपासणी एकाच दारात जाऊन थांबे. अंदमानच्या बेटांवरची जात. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच दार.

बेटावरची मुंगी वाशिम जिल्ह्यात! मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि एकट्याच हसल्या. अकरा वर्षांत त्यांच्या नावाने एकही शोध छापून आला नव्हता. आता येणार होता. त्यांनी टिपण लिहिले आणि एका नियतकालिकाला पाठवले. उत्तर यायच्या आधीच बातमी कॉलेजभर झाली. शाल झाली, श्रीफळ झाले, तालुक्याच्या पेपरात फोटो आला. त्या फोटोत मीसुद्धा आहे, पण ठिपक्याएवढी. पेटीला नवीन काच बसली. तो माझ्या कौतुकाचा काळ. मला तो आवडला, खोटे कशाला सांगू?

दोन महिन्यांनी नियतकालिकाचे पत्र आले. मुंग्यांच्या एका जाणकार बाईंनी टिपण वाचून एकच ओळ लिहिली होती: 'ओळख बरोबर आहे. घरटे कोणत्या झाडात आहे?'

मॅडम शेलूबाजारला गेल्या. कडुनिंब झाला, बाभूळ झाली, हायवेकडची आंब्याची झाडे झाली. साली उचकल्या, वाळक्या फांद्या फोडल्या. चार रविवार गेले. त्या मुंगीचे नावनिशाण कुठे दिसले नाही. चौथ्या रविवारी त्या थकून चौरंगासमोर बसल्या. नजर खाली गेली. मूर्ती आणि फोटो त्यांनी हाताने अलगद बाजूला ठेवले आणि कापड उचलले. हे सगळे मी नंतर ऐकले, कारण मॅडमनी ते या खोलीत स्वतः सांगितले. कापडाखाली लालभडक लाकूड होते. लहानपणापासून पाहिलेला चौरंग सागवानी होता.

"आई, हा चौरंग कोनता?"

"थो तं संघपालनं आनला. सुट्टीवर आल्ता ना उन्हाळ्यात, तवा. जुना हालत होता, थो शेजारच्या रामधनच्या घरी देला. माप सारखंच व्हतं, म्हून कापड थेच टाकलं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू कधी इचारलं?"

संघपाल हा मॅडमचा धाकटा भाऊ. तो पोर्ट ब्लेअरला बंदरात नोकरी करतो. बुद्धपौर्णिमेला घरी येताना त्याने तिथल्या लाकडाचा चौरंग जहाजातून आणि रेल्वेतून, पोत्यात गुंडाळून आणला होता. मॅडमनी चौरंग उलटा केला. एका पायात बोट जाईल एवढे भोक होते आणि आत कोरलेल्या रिकाम्या खोल्या. मुंगी एकही नव्हती. दर रविवारी त्या या चौरंगासमोर हात जोडत होत्या आणि कापड एकदाही उचलले नव्हते. श्रद्धेच्या जागी कोण तपासणी करतो?

सोमवारी त्या खोलीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. शेजारच्या टेबलावरचे हरीओम सर वनस्पतिशास्त्र शिकवतात, मनाने चांगले आहेत. सगळे ऐकून ते म्हणाले, "मॅडम, थे कागुद काढून टाका ना. दुसरा लावा, अंदमानचा. कोनाले काय समजते?"

मॅडमनी चिमटा उचलला. तो माझ्या कडेला लागला. मित्रांनो, मी सहसा घाबरणारी नाही, पण तेव्हा घाबरले. माझ्यावर खोटे काही नव्हते आणि तरीही मी लोकांना चुकीच्या गावाला नेत होते. मॅडमच्या नावाला बट्टा लागणार होता तो माझ्यामुळे. मला फाडले असते तर कोणाला पत्ता लागला नसता.

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "पहिली चिठ्ठी काढत नसतात. पोरायले मीच शिकवतो हे."

आमच्या कामातला हा जुना नियम आहे. चूक सापडली तर तिच्याखाली नवी चिठ्ठी लावायची, जुनी तशीच ठेवायची. मॅडमनी नवा कागद कापला आणि लिहिले: 'मुंगी अंदमानहून आणलेल्या चौरंगातून आली. चौरंग उचलून पाहिला नव्हता. धम्मदीपा.' टाचणी ढिली करून ती चिठ्ठी त्यांनी माझ्याखाली बसवली. त्याच दिवशी टिपण मागे घेतल्याचे पत्र गेले. पेपरातले कात्रण फळ्याजवळ लावलेले होते, त्याच्याखालीही त्यांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. शोध काही छापून आला नाही. शाल कपाटात आहे.

पुढच्या रविवारी मॅडमनी लिलाबाईंना मुंगळे कुठून आले होते ते समजावून सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हंजे मी थ्याईले आंगनात नाही सोडलं व, परमुलखात सोडलं." हेही मॅडमनीच सांगितले.

आता कौतुक ओसरले आहे. काचेवर धूळ बसते आणि कधी महिना महिना पुसली जात नाही. पण जून-जुलैत नवीन मुले येतात तेव्हा मॅडम पेटी उघडतात आणि दोन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला लावतात. आधी मी, मग माझ्याखालची. दुसरी वाचताना एखादे पोर हसते. मॅडम त्याला हसू देतात.

मित्रांनो, पेटीवरची धूळ पुसत जा, टाचणीला धक्का लावू नका, हे तर मी सांगीनच. पण तुमच्या हातून कधी चुकीची चिठ्ठी लिहिली गेली, तर ती फाडू नका. तिच्याखाली दुसरी लावा आणि त्यावर आपलेच नाव लिहा. माझ्या टाचणीवर आज एकच नाव दोनदा आहे. खालचे नाव त्यांनी वरच्याहून ठळक लिहिले आहे. ते मला माहीत आहे, मी अगदी वरच असते.