पाचव्या पानावरच्या रेघा

चिंतामणी आजोबा गेले त्याला आज नववा दिवस, आणि यशश्रीला अजून रडू आलेलं नव्हतं. रडण्याचं बटणच सापडत नव्हतं म्हणा ना.

सकाळी ती गणवेश घालून दारात उभी राहिली तेव्हा आई म्हणाली, "काहून गं, आजच जाऊन राहिली? सुतक आहे अजून."

"भाषण आहे. आजोबांनी बसवून घेतलंय."

आईने डबा पुढे केला.

शाळेतलं हे हिंदी भाषण होतं ऑत्तो केस्किलाम्पी नावाच्या फिनलंडच्या पत्रकारावर. आजोबांना तो कुठल्याशा जुन्या मासिकात भेटला होता. हा बाबा चाळीस वर्षं गावच्या पेपरात रोज एक विनोदी चौकट लिहायचा. बर्फात बसथांब्यावर एकमेकांपासून दहा-दहा हात लांब उभ्या राहणाऱ्या शेजाऱ्यांवर, नाहीतर स्वतःच्या टोपीवर. स्वतः कधी हसायचा नाही. तोफांचे गाडे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले आजोबा त्याच्यावर एकदम फिदा. यशश्रीला त्यांनी एकच गोष्ट शिकवली, विनोद सांगून पळायचं नाही, थांबायचं. कुठे थांबायचं तिथे ते कागदावर पेन्सिलीने उभी रेघ मारत. एक रेघ, एक श्वास. दोन रेघा, दोन श्वास. चार पानांवर रेघा मारून झाल्या. पाचवं सोमवारी करू म्हणाले, आणि सोमवारी ते नव्हते.

शाळेच्या हॉलमध्ये ती रेघेबरहुकूम बोलली. टोपीच्या वाक्यावर कोणी हसेना. तिने दोन श्वास घेतले. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि अख्खा हॉल हसला. तिला ते बंद काचेपलीकडे चाललंय असं वाटलं.

मग पाचवं पान. मजकूर होता, रेघ एकही नाही.

केस्किलाम्पी आठवड्याभराचं लिखाण आधीच ड्रॉवरमध्ये ठेवायचा, त्यामुळे तो गेल्यावरही पेपरात सहा दिवस येत राहिला. लोक त्याला पुरून आले आणि त्याच्याच विनोदावर हसले. इथे पोरं हसली. रेघ नव्हती, ती थांबली नाही.

"सातवें दिन अख़बार ने वो चौखटा ख़ाली छोड़ दिया."

इथेही रेघ नव्हती. पण पुढचं वाक्य तिच्याने बोलवेना. किती श्वास, कोणाला विचारायचं? कोणी हसलं नाही. शेवटी घड्याळ लावून बसलेल्या क्षमा मॅडमनी वेळ संपल्याची घंटी वाजवली.

घरी आईने विचारलं, कसं झालं. सगळे हसले, यशश्री म्हणाली.

मग आजोबांच्या टेबलाशी बसून तिने त्यांची पेन्सिल घेतली आणि पाचव्या पानावरच्या त्या रिकाम्या चौकटीच्या वाक्यापुढे रेघा मारायला लागली. एक, दोन, तीन. जेवायला हाक आली तेव्हा पानावर जागा उरली नव्हती.